मस्टरवर नसलेली माणसे

दर उन्हाळ्यात काळ्या रेक्झिनच्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे प्रकल्प अहवाल माझ्यासमोर येऊन पडतात. एमबीएच्या एचआर शाखेच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक लागतो आणि साखर कारखान्यात लेबर ऑफिसर म्हणून उभी नोकरी काढलेला माझ्यासारखा निवृत्त माणूस त्या कामाला स्वस्तात मिळतो. मराठवाड्यातल्या निरनिराळ्या कॉलेजांत मी जातो. नावे घेत नाही, कारण सांगणार आहे ते एकट्यादुकट्या कॉलेजाचे नाही. अहवालांचे मथळे ठरलेले असतात. ‘अमुक लिमिटेड, चाकण येथील कर्मचारी समाधानाचा अभ्यास.’ ‘तमुक टेक्नॉलॉजीज, हिंजवडी येथील टॅलेंट रिटेन्शन धोरणांचे विश्लेषण.’ आत पन्नास जणांची प्रश्नावली, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच रकाने, रंगीत पाय चार्ट आणि शेवटी निष्कर्ष: बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत. शिफारस: कंपनीने प्रशिक्षण वाढवावे. कंपनीचे नाव बदलले की हाच अहवाल बिस्किटाच्या कारखान्याला चालतो, बँकेला चालतो, आणि चालवलाही जातो.

स्ट्रॅटेजिक ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट हा विषय शिकायला धाराशिव जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही, आणि आपण तो इथे बसून चाकणचा म्हणून शिकतो, अशी माझी तक्रार आहे. विषयाबद्दल तक्रार नाही. आम्ही शिकलो तेव्हा पेपरचे नाव पर्सोनेल मॅनेजमेंट होते. हजेरी, रजा, पगारपत्रक, सेवापुस्तक, शिस्तभंगाची चौकशी. माणूस पाळीवर आला की नाही एवढे आम्ही बघायचे. कारखाना पाच वर्षांनी कुठे असेल आणि तेव्हा कसली माणसे लागतील, हा प्रश्न चेअरमन आणि कार्यकारी संचालकांचा. ही भिंत पाडायची भाषा या विषयाने आणली. १९८४ साली अमेरिकेत दोन पुस्तके आली. एकात, ज्याची मांडणी ‘मिशिगन’ या नावाने ओळखली जाते, फॉम्ब्रन, टिची आणि देवन्ना यांनी सांगितले की निवड, मूल्यमापन, मोबदला आणि विकास ही चारही कामे धंद्याच्या धोरणाशी जुळली पाहिजेत. दुसऱ्यात हार्वर्डच्या मायकेल बिअर आणि सहकाऱ्यांनी धंद्याबरोबर आणखी काही माणसे हिशेबात घेतली: कामगार, त्यांची संघटना, सरकार, आजूबाजूचा समाज. धोरणाचा शेवट माणसाच्या आणि समाजाच्या भल्यात झाला का, हेही तपासायला त्यांनी सांगितले. आपल्याकडे त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या मध्यात, उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या दोन प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रोत मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था उभी करून दिली होती. मुंबईतली कंपनी, देशी डोकी. विद्यार्थ्यांना मिशिगन-हार्वर्डची नावे पाठ असतात, ही दोन क्वचित.

आता मिशिगनचे चार खण घ्या आणि भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या कोणत्याही माळावरच्या गावात चला.

पोळ्याच्या आगेमागे मुकादम उचल वाटायला लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला उचलही निम्मी. एका कोयत्याची उचल आता लाखाच्या घरात जाते. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट बेळगावपर्यंत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की परततात. मधल्या काळात पहाटेपासून फड, पाचटाच्या कोप्या, मोळ्या, गाडी भरणे. मोबदला टनावर. त्यात वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून येणारे चार पैसे वरखर्चाला. एक दिवस कामावर आला नाही तर खाडा. तो दिवस बुडालाच, वर दंड.

ही व्यवस्था एखाद्या महागड्या सल्लागार कंपनीने आखून दिलेली नाही, पण धंद्याच्या बाजूने पाहिली तर तिच्यात ढिली गाठ एकही नाही. निवड नात्यागोत्यातून होते, म्हणून जामीन आपोआप मिळतो. मूल्यमापन वजनकाट्यावर रोज होते. मोबदला उत्पादनाशी घट्ट बांधलेला. टिकवून धरण्याचे काम उचलीची फिरती बाकी करते. गाळप बंद झाले की खर्च बंद. चौथा खण मात्र रिकामा आहे. विकास नाही. पंधराव्या वर्षी बापाबरोबर फडात उतरलेला माणूस पन्नाशीत तेच काम करतो, फक्त झिजलेल्या मणक्यानिशी, कमी वेगाने, आणि त्याची उचल त्या हिशेबाने घटत जाते.

मागे एका तोंडी परीक्षेला भूम तालुक्यातली एक मुलगी समोर बसली होती. अहवाल हिंजवडीच्या एका कंपनीतल्या रिटेन्शनवर. मी विचारले, “कंपनी आतून पाहिलीस का?”

“नाही सर. गेटवरच अडवलं. चुलतभाऊ तिथं कामाला होता, त्यानं मोबाईलवर फॉर्म भरून घेतले.”

खरे बोलली, बरे वाटले. रिटेन्शनची व्याख्या विचारली, ती लेखकाच्या नावासकट घडाघडा म्हणाली. मग सहज विचारले, घरी काय करतात.

“कारखान्याला जातात.”

आमच्या भागात याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी म्हटले, “मुकादम कोण?”

“गावातलाच सर. मामा लागतो माझा.”

“त्याच्या टोळीतली माणसं टिकतात का?”

त्यानंतर तिला थांबवावे लागले नाही. मामा कोयते कसे निवडतो हे तिने सांगितले. दोन जावांचे पटत नसेल तर त्यांना एका टोळीत घ्यायचे नाही. पिणाऱ्याला उचल कमी आणि तीही बायकोच्या हातात. बाई गरोदर असेल तर महिने मोजायचे, हंगाम निभावेल का ते बघायचे. उचल हंगामात फिटते का, विचारले. ती म्हणाली, “फिटत येती सर, पण तेवढ्यात दवाखाना निघतो, नाहीतर लग्न निघतं. मग परत मामाकडंच.” आणि दुसऱ्या मुकादमाला चांगला कोयता हवा असेल तर? “तो आधीची बाकी भरून टाकतो आन् माणसं नेतो.” शेजारचे अंतर्गत परीक्षक हसले, कारण नोटीस पिरियडचे पैसे भरून माणूस पळवण्याची पद्धत त्यांनी त्याच आठवड्यात वर्गात शिकवली होती.

त्यांनीच तिला विचारले, यावरच प्रकल्प का नाही केलास? ती गोंधळली. म्हणाली, “सर, हे एचआरमध्ये येतं का?”

त्या प्रश्नाचे उत्तर देणे तिच्या मार्गदर्शकांचे, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे आणि माझ्यासारख्या परीक्षकांचे काम आहे. मी माझ्यापुरते उत्तर देतो.

कारखान्यात लेबर ऑफिसर टाइम ऑफिसात बसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ४९ सांगत होते की पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. म्हणून आम्हाला खुर्ची. कायम आणि हंगामी कामगार आमच्या मस्टरवर. हंगामी माणूस पावसाळ्यात घरी बसला तर त्याला श्रेणीप्रमाणे रिटेन्शन अलाउन्स मिळतो, म्हणजे पुढच्या हंगामाला हा फिटर, हा पॅनमन दुसरीकडे जाऊ नये म्हणून कारखाना त्याला बसून पैसे देतो. साखर धंद्याने हे धोरण फार पूर्वी, कोणी स्ट्रॅटेजिक म्हणायच्या आधी, अंगीकारले आहे. पण ज्या माणसाशिवाय मिलमध्ये उसाचे कांडे पडत नाही, तो माझ्या मस्टरवर नव्हता. तो शेती विभागाच्या वहीत होता, आणि तिथेही त्याचे नाव नसायचे. नाव वाहन मालकाचे किंवा मुकादमाचे. करार तोडणी-वाहतुकीचा. करारावर सही करणारा एक, राबणारे वीस.

हिशेब करून पाहा. अडीच हजार टन रोजच्या गाळपाचा कारखाना धरा. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे मानले तरी साडेबाराशे कोयते लागतात, म्हणजे अडीच हजार माणसे, त्यांच्याबरोबरची पोरे सोडून. इतकी माणसे असलेल्या उद्योगाचा मनुष्यबळाचा अधिकारी त्यांच्याकडे बघत नाही, कारण ती ‘आपली’ नाहीत. मी नोकरीत असताना हे कोणाला विचित्र वाटत नव्हते. आजही वाटत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्याची कारणे एकच नव्हेत, पण खाड्याची धास्ती त्यात आहे हे फडावर विचारले की कोणतीही बाई सांगते. पाठ्यपुस्तकात ‘गैरहजेरी नियंत्रण’ या मथळ्याखाली दोन पाने असतात. दंडाने गैरहजेरी कमी होते, हे तिथे लिहिलेले असते. कोणत्या किमतीला, हे शिकायचे असेल तर पुस्तक मिटावे लागेल.

मुकादमाला राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तो बहुतेक वेळा कालचा तोडकरी असतो. वाहन मालकाची उचल त्याच्या अंगावर असते, टोळीतले दोन कोयते रात्रीतून निघून गेले तर भरणा त्याचा. उलट उचल घेऊन टोळीच न पाठवणारे मुकादमही आहेत आणि त्यापायी ट्रॅक्टर विकावे लागलेले वाहन मालकही. पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी असतात. सगळी जोखीम वरून खाली ढकलत आणायची आणि शेवटच्या माणसाच्या पदरात टाकायची, ही खरी रचना. ती कोणी बसून ठरवली नसेल. पण ती टिकली आहे ती सोयीची असल्यामुळे.

यावर विद्यार्थ्यांचा आक्षेप मला तोंडपाठ आहे आणि तो चुकीचा नाही. “सर, टोळीवर अहवाल लिहून पुण्यात नोकरी कोण देणार?” आमची मुले कर्ज काढून एमबीए करतात. धाराशिवात एचआरची पदे बोटांवर मोजण्याइतकी. ढोकीचा तेरणा कारखाना, ज्याच्या जिवावर या भागातल्या एका पिढीची घरे उभी राहिली, तो कित्येक वर्षे बंद होता आणि भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. कौडगावच्या एमआयडीसीबद्दल वर्तमानपत्रात मथळे येतात, तिथे भरतीच्या रांगा लागायच्या आहेत. तेव्हा पुण्याची बस धरणे भाग आहे, हे मान्य.

पण पुण्याला गेलेली मुले काय काम करतात? माझ्याकडे येऊन गेलेल्यांपैकी बरेच जण चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यात आहेत. पदाचे नाव एचआर एक्झिक्युटिव्ह. पगार कंत्राटदार एजन्सीचा. काम असे: दर महिन्याला इतकी पोरे गेटवर उभी करायची. त्यासाठी परंडा, भूम, कळंबच्या मित्रांना फोन लावायचे. पोरांच्या राहण्याची खोली बघायची, पहिल्या पगारापर्यंत हातउसने द्यायचे, आधार-बँक पासबुक गोळा करायचे, पीएफ आणि ईएसआयचे चलन भरायचे, पाळीला दोन पोरे कमी पडली तर शिव्या खायच्या. सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा, नवी तुकडी आणायची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ज्या प्रथेचे नियमन आणि शक्य तिथे निर्मूलन करायचे ठरवले होते, ती आता चारचाकीच्या कारखान्यांची मुख्य व्यवस्था झाली आहे. शर्ट खोचून, लॅपटॉप घेऊन आमची मुले तिथे मुकादमीच करतात. ज्या मुलीने मामाची टोळी नीट समजून घेतली असेल, तिला ही नोकरी पहिल्या दिवशी समजेल. कदाचित ती जास्त चांगली करेल, आणि केव्हा करू नये हेही तिला कळेल. मुलाखतीत बसलेल्या अनुभवी माणसाला हिंजवडीच्या पाय चार्टपेक्षा तिच्या तोंडून पीस रेट, अॅडव्हान्स आणि गळती यांचे गणित ऐकायला नक्की आवडेल.

डेव्ह उलरिच यांचे १९९७ चे पुस्तक आता सगळीकडे शिकवतात. एचआरच्या माणसाच्या चार भूमिका त्यात आहेत: धोरणातला भागीदार, बदल घडवणारा, कारभार चोख ठेवणारा आणि कर्मचाऱ्यांचा पाठीराखा. विद्यार्थ्यांना पहिली भूमिका तेवढी लक्षात राहते. ‘बिझनेस पार्टनर’ म्हणताना त्यांचा आवाज बदलतो. पाठीराखा म्हणजे काय, असे विचारले की पिकनिक, वाढदिवसाचा केक आणि योगदिन. कामगार कायद्याचा पेपर बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक झाला, आणि गंमत अशी की ऐन त्याच वेळी देशाचे कामगार कायदे मुळापासून बदलले. २९ कायदे गुंडाळून चार संहिता झाल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले. कपात आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांवर गेली. कल्याण अधिकाऱ्याची अट मात्र पाचशेवरून अडीचशेवर आली. म्हणजे आमच्या खुर्च्या वाढणार. त्यात बसणाऱ्यांना कायदा येत नसेल तर त्या नुसत्या खुर्च्याच राहतील.

इतिहासही आपण परका शिकवतो. हॉथॉर्नचे प्रयोग, एल्टन मेयो, टेलर. शिकवा, हरकत नाही. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, हे एचआरच्या विद्यार्थ्याला माहीत नसणे लाजिरवाणे आहे. परळच्या राज्य शासनाच्या कामगार अभ्यास संस्थेला त्यांचे नाव आहे. आणि मुकादमाच्या प्रश्नावर महाराष्ट्राने एकदा स्वतःचे उत्तर शोधलेले आहे: १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. तिथेही टोळ्या होत्या, टोळीवाले होते, मालक म्हणत होते की ही माणसे आमची नाहीत. कायद्याने मालक आणि हमाल यांच्यामध्ये मंडळ आणले. मालकाची नोंदणी, हमालाची नोंदणी, मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना. माथाडी मंडळांतले गैरप्रकार मला माहीत आहेत, बोगस नोंदण्यांच्या बातम्या मीही वाचतो. तरी मालक कोण, हा प्रश्न बाजूला ठेवून माणसाला हक्क कसे द्यायचे, याचा इतका अस्सल नमुना हार्वर्डच्या पुस्तकात मिळणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ निघाले. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्याने द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटनांच्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. माथाडी मंडळ आणि हे महामंडळ यांची तुलना हा एमबीएच्या दोन वर्षांना पुरून उरेल असा विषय आहे. मला आजवर एकाही अहवालात दिसलेला नाही.

मिशिगनचा तो चौथा खण, विकासाचा, आमच्या जिल्ह्यात भरलेला पाहायचा असेल तर साखरेपासून दूर जावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर आमचा लोहारा-उमरगा भागही मोडला. सास्तूरचे नाव तेव्हा जगाने ऐकले. पूर्ण उद्ध्वस्त गावांचे पुनर्वसन झाले, त्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. पण हजाराहून अधिक गावांत घरे पडली नव्हती, तडकली होती, आणि ती मालकांनी स्वतः दुरुस्त करायची होती, सरकारी हप्त्यांवर. इंजिनिअर थोडे, गावे अफाट. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक निवडल्या. ज्या बाईने तोवर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता, ती सिमेंटचे प्रमाण, कोपऱ्यातल्या सळया, हप्ता कुठे अडकला, हे घरमालकाला सांगू लागली आणि इंजिनिअरला जाब विचारू लागली. त्याच बाया पुढे बचत गट, शेती, आरोग्य यांत दिसल्या. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायांना प्रशिक्षण देऊन भारतवैद्य केले, तेही सरकारची आशा कार्यकर्ती येण्याच्या बऱ्याच आधी. कोणाला निवडायचे, कशाच्या जोरावर, काय शिकवायचे, मोबदला किती, गावाने मान दिला नाही तर काय: यातला प्रत्येक प्रश्न पेपरात येणारा आहे. मला विचाराल तर धोरण आणि माणूस यांची खरी जुळणी या जिल्ह्यात मी पाहिली ती या दोन ठिकाणी. कारखान्यात पाहिली नाही.

आणि पुढचा प्रश्न दारात उभा आहे. ऊसतोडणी यंत्राला सरकार अनुदान देते, मजूर मिळत नाहीत म्हणून कारखान्यांना यंत्र हवेच आहे. यंत्र एका दिवसात पन्नासेक कोयत्यांचे काम सहज करते. पाच-दहा वर्षांत भूम-वाशीच्या माळावरचे किती कोयते रिकामे होतील? त्यांच्यातल्या तिशीच्या आतल्यांना काय शिकवता येईल? यंत्र चालवायला, दुरुस्त करायला त्यांच्यातलेच लोक घेता येतील का? बायकांचे काय, कारण यंत्राच्या केबिनमध्ये तर पुरुषच बसणार? याला मनुष्यबळ नियोजन म्हणतात आणि तो या विषयाचा पहिला धडा आहे. कारखान्यांकडे हे नियोजन नाही, कारण माणसे मस्टरवर नाहीत. सरकारकडे यंत्रांची यादी आहे. विद्यापीठाकडे विद्यार्थी आहेत.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या मुंबईतल्या एचआरच्या पदवीला देशभरातून मुले झुंबड करतात. त्याच संस्थेचा परिसर १९८६ पासून तुळजापुरात आहे आणि तिथे ग्रामीण विकास शिकवतात. मुंबईत कंपनीतला माणूस, तुळजापुरात गावातला माणूस, मध्ये सुमारे साडेचारशे किलोमीटर. पण तो माणूस तर एकच आहे. पावसाळ्यात गावात असतो, हिवाळ्यात फडात, आणि त्याचा मुलगा चाकणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा धाराशिवचा उपपरिसर २००४ पासून आहे, तिथे व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. तुळजापूर आणि धाराशिव यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर. या दोघांनी मिळून एक पेपर चालवला तर राज्यात त्याला तोड राहणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंगला श्रेयांक दिले आहेत. ते प्रशिक्षण कारखान्याच्या शेती विभागात, जिल्हा रुग्णालयाच्या कंत्राटी परिचारिकांबरोबर, एखाद्या पतसंस्थेत, नाहीतर तुळजाभवानी मंदिरात का होऊ नये? भोपे, पाळीकर, उपाध्ये यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाळ्या आणि मंदिर संस्थानचे पगारी कर्मचारी नवरात्राच्या गर्दीत एकत्र कसे काम करतात, हे पाहून उत्तराधिकार नियोजनाचे प्रकरण कोणी नव्याने लिहील. कारखान्यांनाही एक सांगणे आहे. विद्यार्थी आले तर त्यांना चहा पाजून मशिनरी दाखवून परत पाठवू नका. शेती अधिकाऱ्याबरोबर जीपमध्ये बसवा, तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयबरोबर फडावर उभे करा.

मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती एवढीच की मुलांचे विषय आता मार्चऐवजी जुलैत ठरवा. गाळप नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते, पण टोळ्यांच्या याद्या पोळ्यालाच पक्क्या होतात आणि उचलीचे व्यवहार तेव्हाच पारावर, उघड, सगळ्यांसमोर चालतात. दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसे आणि कुलपे असतात. ज्याला हा अभ्यास करायचा आहे त्याने पोळ्याच्या आत यावे. मुकादमाशी ओळख मी करून देईन.